शिंपल्यांच्या पेढीचे तेल : सॅम्युअल कुटुंबाच्या रॉकेल-वाहतुकीचा इतिहास

खनिज तेलाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी सामान्यतः विहिरींवर खिळलेली असते. तेल कोठे लागले, कोणाच्या जमिनीत लागले आणि त्या जमिनीची सनद कोणी मिळविली, या प्रश्नांची उत्तरे हाती आली की ग्रंथकाराचे निम्मे काम आटोपते. वस्तुतः तेल हा असा माल आहे की विहिरीच्या तोंडाशी त्याला फारशी किंमत नसते. हजारो मैलांवरच्या एखाद्या घरातील दिव्यात ते पडले म्हणजे त्याचे मोल ठरते. विहीर आणि दिवा यांमधील या अंतराचा इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासावयाचा तर लंडनच्या सॅम्युअल कुटुंबाच्या पेढीइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. १८९२ मध्ये या कुटुंबाने रशियन रॉकेल टाकीच्या जहाजांतून, सुएझ कालव्याच्या मार्गाने, आशियाच्या बाजारपेठांत आणावयास प्रारंभ केला, आणि १९०७ मध्ये त्या व्यवसायाचे नियंत्रण त्याच्या हातून गेले. मधल्या पंधरा वर्षांत जगातील सर्वांत बलाढ्य अमेरिकन तेल कंपनीशी दोघा भावांनी उघड झुंज घेतली. ज्या सवयींच्या बळावर ही झुंज त्यांनी दिली, त्याच सवयींनी पुढे त्यांचा घात केला. त्या सवयी कोणत्या हे पाहावयाचे तर तेलाच्या बऱ्याच मागे, शंखशिंपल्यांच्या एका धंद्यापासून आरंभ करावा लागतो.

थोरला मार्कस सॅम्युअल हा लंडनच्या पूर्व भागातील हाउंड्सडिच येथील एक ज्यू व्यापारी. गोदीत परतलेल्या खलाशांकडून पौर्वात्य देशांतील नवलाईच्या वस्तू विकत घ्यावयाच्या व त्या शहरात खपवावयाच्या, हा त्याचा व्यवसाय होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात समुद्रकिनारी सहलीस जाण्याची हौस इंग्लंडच्या मध्यमवर्गात वाढीस लागली, तेव्हा शिंपले चिकटवून सजविलेल्या लहान लहान पेट्या त्याने तयार करविल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांतून त्या आठवणीदाखल खपू लागल्या. माल क्षुल्लक खरा. पण त्याच्या निमित्ताने पूर्वेकडील बंदरांत ठाण मांडून बसलेल्या ब्रिटिश व्यापारी पेढ्यांशी त्याचा संबंध जडला. १८७० मध्ये तो वारला. मुलांसाठी त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीत सर्वांत मोलाचा भाग म्हणजे हा संबंध होता. आपल्याकडे सराफकट्ट्यावर जिला पत म्हणत असत, ती हीच. ती दस्तऐवजात नमूद नसते आणि तिची वाटणीही करता येत नाही. मात्र ती वारशाने मिळते.

त्याचा मुलगा, धाकटा मार्कस, १८५३ मध्ये जन्मला. सॅम्युअल हा भाऊ त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचे नाव आणि आडनाव एकच असल्यामुळे इतिहासग्रंथांच्या सूचींत तो नेहमीच थोडा घोटाळा उडवून देतो. १८७३ मध्ये मार्कस पूर्वेच्या पहिल्या प्रवासास निघाला. बंगालमध्ये त्या वेळी दुष्काळ पडू घातला होता, सयामात तांदूळ मुबलक होता. दोहोंमधील अंतर हाच नफा, हे विशीतल्या मार्कसने ओळखले आणि सयामी तांदूळ हिंदुस्थानकडे वळविला. १८७८ मध्ये भावांनी लंडन येथे एम. सॅम्युअल अँड कंपनी व योकोहामा येथे सॅम्युअल सॅम्युअल अँड कंपनी अशा दोन पेढ्या स्थापिल्या. मार्कस धाडसी व उतावळा, तर सॅम्युअल सावध आणि सावकाश विचार करणारा. महत्त्वाचा प्रश्न निघाला की दोघे बंधू खिडकीशी जात, खोलीकडे पाठ करून, डोक्याला डोके लावून हळू आवाजात बोलत. मग एकाएकी एकमेकांना मूर्ख ठरवीत दूर होत आणि थोड्याच वेळाने, कोणालाही कारण न कळता, त्यांचे एकमत झालेले असे. अशी हकीकत त्यांच्या चरित्रात आली आहे. या पेढीचे संचालक मंडळ म्हणजे ती खिडकी होय.

१८८०नंतरच्या दशकात आशियात येणारे रॉकेल मुख्यतः अमेरिकन होते. ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरलेले असे. डब्याचे माप पाच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवीत. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने या व्यापारावर असा पगडा बसविला होता की कोठेही स्पर्धक उभा राहिला की तेवढ्याच गावी भाव पाडावयाचा, आणि तेथील तूट दुसरीकडे भाव चढवून भरून काढावयाची, हे तिला सहज साधत असे.

या सत्तेला आव्हान देण्याजोगे तेल कॅस्पियन समुद्राकाठी बाकू येथे निघत होते. (बाकूजवळच्या सुराखानी येथील अग्निमंदिरात देवनागरी शिलालेख आहेत, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. आपल्याकडील व्यापारी त्या ज्वालांपर्यंत आधीच पोचले होते. मात्र तेथील तेलाचा व्यापार करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.) बाकूत नोबेल बंधूंनी १८७८ मध्ये ‘झोरोआस्टर’ नावाचे तेलवाहू जहाज कॅस्पियनवर सोडून सुट्टे तेल जहाजाच्या पोटातच भरून नेता येते, हे दाखवून दिले होते. १८८३ मध्ये बाकूपासून काळ्या समुद्रावरील बाटुम बंदरापर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला, आणि १८८६ मध्ये पॅरिसच्या रॉथ्सचाइल्ड घराण्याने तेथे आपली तेल कंपनी स्थापन केली. या कंपनीजवळ तेल होते, गिऱ्हाईक नव्हते. तिचा लंडनमधील मध्यस्थ फ्रेड लेन हा जहाजांचा दलाल. त्याने मार्कस सॅम्युअलला १८९० मध्ये बाटुमला नेले. तेथील जहाजे पाहून परतताना मार्कसच्या मनात जो बेत पक्का झाला, तो मोठा असला तरी साधा होता. डबे आणि खोकी यांचे वजन, त्यांनी अडविलेली जागा आणि त्यांची गळती हा सर्व खर्च टाळून तेल सुट्टेच न्यावयाचे. केप ऑफ गुड होपला वळसा न घालता सुएझ कालव्यातून न्यावयाचे. आणि आशियाच्या प्रत्येक मोठ्या बंदरात टाक्या बांधून ते साठवावयाचे. स्टँडर्डला एका गावी भाव पाडून हरवता येऊ नये म्हणून ही विक्री सर्व गावी एकाच वेळी सुरू व्हावयास हवी होती. १८९१ मध्ये रॉथ्सचाइल्डांच्या कंपनीशी नऊ वर्षांचा करार झाला.

कालव्याचा प्रश्न सोपा नव्हता. तेलाने भरलेले जहाज कालव्यात पेटले तर साम्राज्याची धमनीच तुटेल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणून मार्कसने फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या तज्ज्ञाकडून जहाजाचा असा आराखडा करवून घेतला की उष्णतेने तेलाचे प्रसरण व आकुंचन झाले तरी टाकीस धोका पोचू नये. लंडनमध्ये या बेताविरुद्ध मोठी मोहीम उघडण्यात आली. वकिलांच्या एका पेढीने सरकारकडे अर्जांचा मारा केला. अशिलाचे नाव मात्र कधीच उघड केले नाही. त्या अर्जांमधून कालव्यावर ज्यूंचा प्रभाव पडत असल्याची कुजबुजही पसरविण्यात आली. १८७५ मध्ये कालव्याचे समभाग ब्रिटिश सरकारने ज्या कर्जावर खरेदी केले, ते कर्ज लंडनच्या रॉथ्सचाइल्डांनीच दिले होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाला खुपली नव्हती. जानेवारी १८९२ मध्ये कालवा कंपनीने नव्या नियमांना मान्यता दिली. मे महिन्यात वेस्ट हार्टलपूल येथे ‘म्युरेक्स’ हे पहिले जहाज पाण्यात सोडण्यात आले. ऑगस्टमध्ये बाटुमचे रॉकेल घेऊन ते सुएझमधून पार झाले आणि सिंगापूरजवळच्या एका बेटावर व पुढे बँकॉकला त्याने ते उतरविले. म्युरेक्स हे एका शंखाचे नाव. त्यापाठोपाठची जहाजे ‘काँच’ व ‘क्लॅम’. वडिलांच्या शिंपल्यांच्या पेट्यांची आठवण मुलाने याप्रमाणे समुद्रावर सोडली. परतीच्या फेरीत टाक्या वाफेने धुऊन काढीत आणि त्यांतून तांदूळ, साखर वा अन्य माल युरोपला नेत, त्यामुळे जहाज रिकामे धावत नसे. जहाजाच्या प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंनी माल असला पाहिजे, ही जुन्या व्यापाऱ्याची दृष्टी; तेलाच्या मालकाला ती सुचली असती की नाही याची शंकाच आहे.

टाक्या बांधण्याचे काम मार्कसने आपल्या दोन भाच्यांवर सोपविले: मार्क व जोसेफ अब्राहम्स. तेलाच्या टाक्यांचा कसलाही अनुभव त्यांना नव्हता. जोसेफकडे हिंदुस्थान, मार्ककडे त्यापलीकडची पूर्व. कामाचा हेतू बोलून दाखविण्याची त्यांना मनाई होती. जमिनीच्या सौद्यात घासाघीस करा, खर्च कमी करा, अशा सूचना लंडनहून सारख्या येत. सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी शहरात तेल साठविण्यास परवानगी नाकारली, तेव्हा पुलाउ बुकोम या बेटावर टाक्या उभ्या राहिल्या. ‘म्युरेक्स’चे तेल उतरले ते येथेच. अनुभवी अभियंता नेमावयाच्या ऐवजी भाचा नेमावयाचा, ही निवड आजच्या व्यवस्थापनशास्त्रास चमत्कारिक वाटेल. परंतु येथे सर्वांत दुर्मीळ वस्तू होती गुप्तता, आणि रक्ताच्या नात्याखेरीज ती कोठे मिळेल असे मार्कसला वाटत नव्हते. हा अंदाज त्या वेळेपुरता अचूक ठरला. स्टँडर्डला बेताचा सुगावा लागला तो उशिरा.

यानंतर जे घडले त्याचा अंदाज मात्र कोणासच नव्हता. तेल आले, ते अमेरिकन तेलापेक्षा स्वस्तही होते. पण गिऱ्हाईक आले नाही. मार्कसची समजूत अशी की माणसे आपापली भांडी घेऊन येतील आणि सुट्टे तेल भरून नेतील. आशियातील गिऱ्हाइकाचे गणित वेगळे होते. त्याला तेल हवे होते आणि डबाही हवा होता. कित्येक ठिकाणी तर डबाच अधिक हवा होता. स्टँडर्डचा निळा डबा रिकामा झाला म्हणजे त्याचे खरे आयुष्य सुरू होई. त्याचे पत्रे उलगडून छपरावर घालीत, त्यातून दिवे, शेगड्या, मापे आणि ताटल्या घडवीत. महाराष्ट्रातही हा डबा परका राहिला नाही. कावडीच्या दोन टोकांना दोन डबे लटकावून पाणी भरणारा माणूस हे आपल्या गावांतील अनेक पिढ्यांचे परिचित दृश्य होते. धान्य साठविण्यास, रोपे लावण्यास, झोपडीची भिंत सांधण्यास तोच डबा उपयोगी पडे. वेष्टन म्हणून लंडनने जे खर्चाच्या बाजूस मांडले होते, ते ग्राहक आपल्या वहीत जमेच्या बाजूस मांडीत होता. पुरवठ्याच्या साखळीतील शेवटची कडी जहाज, टाकी किंवा दुकान यांपैकी कोणतीच नव्हती. ती घराच्या कोपऱ्यात होती.

ही चूक सुधारण्याचा वेग थक्क करणारा आहे. लंडनहून टिनपत्र्याने भरलेले जहाज पूर्वेकडे रवाना झाले, आणि पूर्वेकडील व्यापारी भागीदारांना आपापल्या बंदरात डबे तयार करविण्याविषयी कळविण्यात आले. कोणास कारखाना कसा घालावा हे ठाऊक नव्हते. तरी डबे झाले. त्यांना रंग दिला लाल. अमेरिकन डबा अर्ध्या जगाचा प्रवास करून पोचे, तोपर्यंत त्याच्या निळ्या रंगाचे पोपडे निघालेले व पत्रा गंजलेला असे. सॅम्युअलांचा लाल डबा बंदरातच घडलेला, म्हणून कोरा करकरीत. थोड्याच काळात बाजारपेठांतून लाल डबा निळ्याशी झगडू लागला. सुट्ट्या तेलाच्या वाहतुकीत क्रांती करणाऱ्या या पेढीला यश मिळाले ते, ज्या डब्याला फाटा देण्यासाठी तिने ही सारी यातायात केली, तोच डबा पुन्हा स्वीकारल्यावर, हा या इतिहासातील सर्वांत मनोरंजक भाग होय.

भाषेच्या अभ्यासकास येथे थोडे थांबावेसे वाटेल. हे तेल जेथे जेथे पोचले तेथे तेथे त्याला नवे नाव घ्यावे लागले. हिंदीने त्याला ‘मिट्टी का तेल’ म्हटले. तमिळमधील ‘मण्णेण्णेय्’ आणि मलय भाषेतील ‘मिन्याक ताना’ यांचाही अर्थ मातीचे तेल असाच. जपानी ‘सेकियु’ म्हणजे दगडाचे तेल. कानडीने उगमाऐवजी परकेपणाकडे पाहिले आणि ‘सीमेएण्णे’, म्हणजे परमुलखातले तेल, असे नाव दिले. मराठीने दोन शब्द उचलले, ते दोन्ही इंग्रजीतून. ‘रॉक ऑइल’पासून ‘रॉकेल’ आणि ‘गॅसलाइट’पासून ‘घासलेट’. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ड्रेकची विहीर १८५९ची. म्हणजे त्या कोशात या शब्दांचा शोध घेण्याचे कारणच नाही. यांपैकी ‘रॉकेल’ची घडण विशेष पाहण्यासारखी आहे. मराठीत खोबरेल, एरंडेल, करडेल, तिळेल हे शब्द पूर्वीपासून होते आणि त्यांच्या अंती ‘तेल’ शब्दाचा अवशेष राहिला होता. ‘रॉक ऑइल’ मराठीच्या तोंडी आले तेव्हा ते या पंक्तीत असे बेमालूम बसले की त्याचे परकेपण सामान्य बोलणाऱ्यास जाणवेनासे झाले. ‘घासलेट’चे नशीब वेगळे. त्यातून ‘घासलेटी’ हे हलकेपणाचे विशेषण निघाले. १९२८च्या सुमारास बनारसीदास चतुर्वेदी यांनी हिंदीत ‘घासलेटी साहित्या’विरुद्ध मोहीम उघडली, ती याच शब्दाच्या आधारे. आणि ‘चिमणी’? इंग्रजीतील धुराड्याचा शब्द घरातल्या पाखराच्या नावाशी एकरूप होऊन बसला, आणि मिणमिणत्या पत्र्याच्या दिव्याला मायेचे नाव मिळाले. या शब्दांच्या प्रसारात सॅम्युअलांच्या डब्याचा वाटा किती आणि निळ्या डब्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही; दोघांनी मिळून ते घरोघर पोचविले, एवढे खरे.

१८९३ मध्ये मार्कसने पूर्वेकडील व्यापारी पेढ्यांना एकत्र आणून एक मंडळ स्थापन केले. नफा आणि तोटा सर्वांनी मिळून वाटून घ्यावयाचा, म्हणजे एका बंदरात स्टँडर्डने भाव पाडला तरी तेथील पेढी बुडणार नाही, अशी ही योजना होती. वडिलांच्या काळापासूनचा पत्रव्यवहार येथे कामास आला. १८९५ अखेर तेलवाहू जहाजांनी सुएझमधून ६९ फेऱ्या केल्या होत्या; त्यांपैकी चार वगळता सर्व सॅम्युअलांच्या मालकीच्या वा त्यांनी भाड्याने घेतलेल्या जहाजांच्या होत्या. १८९७ मध्ये या मंडळाचे रूपांतर कंपनीत झाले. तिचे नाव ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी’. शिंपला, वाहतूक, व्यापार: तेलाचा उल्लेखही नाही. कुटुंबाला आपल्या व्यवसायाचे स्वरूप किती नेमके ठाऊक होते, याचा हे नाव म्हणजे उत्तम पुरावा आहे.

परंतु वाहतुकीच्या धंद्याची एक दुखरी जागा असते. माल दुसऱ्याचा असतो. रॉथ्सचाइल्डांशी झालेला करार १९०० मध्ये संपणार होता, आणि तो पुन्हा कोणत्या अटींवर होईल याची शाश्वती नव्हती. म्हणून मार्कस स्वतःच्या तेलाच्या शोधास लागला. पूर्व बोर्निओतील कुतेई भागात त्याने सवलत मिळविली आणि तेथे पाठविले कोणास, तर पुन्हा भाचा मार्क यालाच. टाकी बांधणे आणि विहीर खणणे यांतील फरक निबिड अरण्यात, रोगराईत आणि पावसात मार्कला शिकावा लागला. १८९७ मध्ये तेल लागले, १८९८ मध्ये मोठा झराही फुटला. पण ते जड तेल होते, त्यातून रॉकेल थोडे निघे. तेव्हा मार्कसने हे तेल जहाजांच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळावे असा आग्रह धरला. त्याची दूरदृष्टी काळाने खरी ठरविली. मात्र जून १९०२ मध्ये पोर्टस्मथ येथे ‘हॅनिबल’ या युद्धनौकेवर प्रयोग झाला तेव्हा काळ्या धुराच्या लोटात ती नौका दिसेनाशी झाली आणि नौदलाने तो विचार त्या वेळेपुरता सोडून दिला.

याच सुमारास संकटे एकामागून एक कोसळली. १९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाने तेथील व्यापार विस्कटला; रॉकेलचे भाव घसरले. १९०१ मध्ये टेक्ससमध्ये स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झोत उसळला, आणि मार्कसने तेथील तेलासाठी वीस वर्षांहून अधिक मुदतीचा करार केला. पुढच्याच वर्षी त्या विहिरींचा जोर ओसरला. त्या तेलासाठी राखलेल्या जहाजांपैकी चार जहाजांवर गुरे वाहून नेण्याची पाळी आली. तेलवाहू जहाजांचा कल्पक निर्माता आपल्या जहाजांवर दावणी बांधताना पाहून स्पर्धकांस काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

मार्कस सॅम्युअल १९०२ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. पदग्रहणाची मिरवणूक तो जन्मला त्या पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून गेली. शिंपल्यांच्या पेट्या विकणाऱ्याच्या मुलास हा दिवस केवढा वाटला असेल, हे वेगळे सांगावयास नको. ज्या शहरात त्याच्या धर्माकडे बोट दाखवून त्याचा कालव्याचा मार्ग अडविला गेला होता, त्याच शहराने त्याला प्रथम नागरिक केले होते. पुढील इतिहासकारांनी शेलच्या पराभवाचे खापर या मानाच्या हौसेवर फोडले आहे. हे मत पूर्णपणे ग्राह्य नाही. मानसन्मानात त्याचा वेळ गेला हे खरे. परंतु तो वेळ कंपनीस दिला असता तरी कंपनी सांभाळण्याचे साधन त्याच्याजवळ कोठे होते? जगभर जहाजे फिरत होती, बंदरोबंदरी टाक्या होत्या, आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारी, तेलाच्या प्रत्येक फेरीचा खर्च काढणारी, तांत्रिक ज्ञान असणारी कचेरी म्हणून ज्याला म्हणता येईल असे काही लंडनमध्ये उभे राहिलेच नव्हते. होते ते दोन भाऊ आणि खिडकी. १९०२च्या अखेरीस फ्रेड लेन याने संचालकपदाचा राजीनामा दिला. ज्याने मार्कसला बाटुम दाखविले त्यानेच आता त्याला लिहिले की एवढा व्यवसाय सांभाळण्यास तुझ्याजवळ वेळ नाही व व्यवस्थाही नाही. भांडवल ओतून दैवावर भरवसा ठेवण्याला धंदा म्हणत नाहीत. मित्राने लिहिलेले असल्यामुळे ते पत्र अधिकच जिव्हारी लागणारे आहे.

नेमकी ही व्यवस्था ज्याच्याजवळ होती तो माणूस म्हणजे रॉयल डच कंपनीचा हेन्री डेटर्डिंग. ही कंपनी १८९०ची. तिच्याजवळ सुमात्राच्या विहिरी होत्या. डेटर्डिंग बँकेत कारकुनी करून आकडे वाचावयास शिकला होता. डिसेंबर १९०१ मध्ये स्टँडर्डने शेल विकत घेण्याची तयारी दर्शविली होती, आणि ती रक्कम प्रचंड होती. मार्कसने ती नाकारली. ब्रिटिश कंपनी अमेरिकनांच्या ताब्यात देण्यास त्याचे मन घेईना. त्याऐवजी त्याने डेटर्डिंगशी करार केला. त्यातून पुढे रॉथ्सचाइल्डांसह तिघांची ‘एशियाटिक पेट्रोलियम कंपनी’ निर्माण झाली. तिचा व्यवस्थापक डेटर्डिंग. म्हणजे शेलचे तेल आशियात कोठे, किती व कोणत्या भावाने विकावयाचे, हे यापुढे तो ठरविणार होता. सॅम्युअल कुटुंबाची मिरास होती ती विक्री आणि पोचवणी. तीच प्रथम हातची गेली. १९०७चे विलीनीकरण हा त्या मानाने औपचारिक शेवट म्हटला पाहिजे. मार्कसने समसमान वाटणी मागितली होती. मिळाली ती ६०:४०. साठ टक्के रॉयल डचचे, चाळीस शेलचे.

जे गुण १८९२ मध्ये कामास आले त्यांचा हिशेब येथे मांडता येतो. गुप्तता नात्यावर टिकली, भांडवल पतीवर उभे राहिले, निर्णय खिडकीपाशी एका तासात झाले, डब्याची चूक एका जहाजात दुरुस्त झाली. मोठ्या कंपनीला हे जमले नसते. परंतु विहिरी, शुद्धीकरण आणि तीन खंडांतील करार यांचा व्याप वाढला तेव्हा भाच्याची निष्ठा भूगर्भशास्त्राची जागा भरून काढू शकली नाही, आणि कचेरी उभारणे म्हणजे परक्यांना घरात घेणे, ही जुन्या पेढीची धारणा तिच्या अंगलट आली. मार्कसला ती धारणा सोडता आली नाही, असेच म्हणावे लागते. कारण ज्या जगात तो वाढला तेथे परक्यावर विश्वास टाकण्याची किंमत त्याच्या समाजाने वारंवार मोजली होती.

कुटुंबाची श्रीमंती मात्र वाढतच गेली, हेही विसरता कामा नये. मार्कस १९२० पर्यंत शेल ट्रान्सपोर्टचा अध्यक्ष होता, त्यानंतर त्याचा मुलगा वॉल्टर १९४६ पर्यंत. १९२१ मध्ये त्याला लॉर्ड बेअरस्टेड ही पदवी मिळाली. जानेवारी १९२७ मध्ये पतिपत्नी एका दिवसाच्या अंतराने वारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेटर्डिंगने हिंदुस्थानच्या बाजारपेठेत रॉकेलचे भावयुद्ध पुकारले, कारण न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल कंपनी सोव्हिएत सरकारकडून तेल घेऊन ते हिंदुस्थानात विकू लागली होती. ते तेल रशियाचेच. पस्तीस वर्षांपूर्वी ‘म्युरेक्स’ने लाल डब्यांची वाट मोकळी केली तीही रशियन तेलावरच. यावेळी ते निळ्या डब्याच्या वारसांकडे होते, आणि लढणाऱ्यांत निर्णय घेणारा एकही सॅम्युअल नव्हता.

एम. सॅम्युअल अँड कंपनी ही मूळ पेढी हळूहळू बँकेच्या व्यवसायात स्थिरावली आणि १९६५ मध्ये दुसऱ्या एका वित्तसंस्थेत विलीन होऊन ‘हिल सॅम्युअल’ झाली. हिंदुस्थानात एशियाटिकचा व्यवसाय व ब्रह्मी तेलाची बर्मा ऑइल कंपनी यांचे वितरण १९२८ मध्ये एकत्र आले, आणि ‘बर्मा-शेल’ हे जोडनाव मराठीत एका शब्दासारखे रुळले. मुंबईत माहूल येथे त्या गटाचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली आणि १९७७ पासून ती ‘भारत पेट्रोलियम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यास लोहगाव विमानतळाच्या वाटेवर एक वस्ती आहे. तिला लोक अजून ‘बर्माशेल’ म्हणतात.